उसना हात

"माझं कार्ड वर ठेव गं," म्हणत कात्रीने आपलं पिवळं कार्ड थोरलीच्या मुठीत कोंबलं. "मागच्या वेळी मला चौथी घेतलीस, तोवर सिस्टर पार वैतागली होती."

थोरलीने कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि कात्रीच्याच एप्रनच्या खिशात परत घातलं.

"आज नाही."

"आज नाही म्हणजे? शिबीर काय उद्या आहे?"

"आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. मी हात देणार नाही आता कुणाला."

कपडे बदलायची खोली म्हणजे जिन्याखालची बोळकांडी. तिथे सहा बायका एकमेकींच्या कोपरांना कोपरं लावून दाटल्या होत्या आणि त्यातल्या चौघींची कार्डं तयार होती. कात्रीचं तोंड सुरू झालं. तिला कात्री म्हणायचे ते काही उगाच नाही. समोरच्याचं बोलणं मधूनच कापायची आणि तुकडा असा टाकायची की परत जोडता येऊ नये.

"जावेला सहा वेळा दिलास. तेव्हा हात दुखला नाही. आता आमची पाळी आली तर बाईसाहेबांना सोवळं सुचलं!"

"जावेला दिला म्हणूनच नाही म्हणते. दिसत नाही काय झालं तिचं?"

"तिच्या नशिबात होतं ते झालं. त्यासाठी आमच्या पोरांच्या तोंडातला घास का काढतेस?"

मावशी बाकड्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. ती सगळ्यांत जुनी, केस पांढरे झालेली. तिने मान वर न करताच विनवलं, "पोरी, माझी दोनच वर्षं राहिलीत. तेवढी निभाव. मग नको देऊस कुणाला."

"मावशी, दोन वर्षं कशाची राहिलीत? नोकरीची का तुमची?"

हे फार लागलं. मावशीने नाडी अर्धवट सोडली आणि तिच्याकडे असं पाहिलं की थोरलीला जीभ चावावीशी वाटली. पण शब्द सुटला होता.

"बघा, बघा!" कात्री म्हणाली. "देवाने गार रक्त दिलं म्हणून केवढा हा माज! आमची तापली तर आम्ही काय मुद्दाम तापवली? एकशेवीस म्हणे! आम्हीच डोक्यावर चढवली हिला."

"मिरवत होते मी. खोटं कशाला बोलू? खूप मिरवलं. आता नाही मिरवत."

तिने एप्रनची गाठ मारली आणि ती बाहेर पडली. पाठीमागून कुणीतरी थुंकल्याचा आवाज आला. तिने वळून पाहिलं नाही, पण कोण थुंकलं ते तिला ठाऊक होतं.

*

थोरली ही काही कुणाची पुढारीण नव्हती. धाकटीची थोरली जाऊ, म्हणून थोरली, एवढंच. खाणवाल्यांनी डोंगर घेतला तेव्हा त्यांची सगळी वस्तीच खाली शहरात आली. पुरुष दूरदूरच्या बांधकामांवर पांगले आणि बायका या धुलाई कारखान्यात शिरल्या. शहरातल्या दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी इथे धुतल्या जायच्या. धुतलेली चादर वाफेच्या रोलरमधून जायची. दोघींनी पुढून ओली भरवायची, दोघींनी मागून सुकी पकडायची आणि घडी घालायची. दहा तास उभ्याने. रोलरपाशी अशी धग की वितळायच्या काय त्या बाकी असायच्या. शहाण्यासुरत्या माणसाने तिथे उभं राहू नये, म्हणून मालकाने तिथे आदिवासी बायका उभ्या केल्या होत्या. हे मुकादमाचेच शब्द. "तुमची कातडी जाड असते," असंही तो म्हणायचा, आणि हे कौतुक आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

वर डोंगरात मीठ चिमटीने वापरायचं, कारण ते पाठीवरून वाहून आणावं लागायचं. इथे मिठाला तोटा नव्हता. दुपारच्या सुट्टीत पाकिटातल्या शेवया, संध्याकाळी दमून घरी गेलं की पाकिटातलंच काहीतरी कुरकुरीत, आणि रोलरपाशी मिठाच्या पाण्याचं निळं पिंप. घाम गेला की मीठ जातं, म्हणून दर तासाला एक पेला प्यायचा हा नियम. पिंपाच्या बरोब्बर वर आरोग्याचं चित्र लावलं होतं. त्यात एक गोरीपान, शेलाटी बाई बागेत फिरत होती आणि खाली लिहिलं होतं: मीठ कमी खा, रोज सकाळी चालायला जा, ताणतणाव टाळा. मुकादम ताण द्यायला आला की बायका त्या चित्राकडे बोट दाखवून आपसांत हसायच्या.

दीड वर्षापूर्वी दवाखान्यांनी हट्ट धरला की आमच्या चादरी ज्यांच्या हातातून जातात त्या बायका धडधाकट पाहिजेत. म्हणून दर तीन महिन्यांनी शिबीर सुरू झालं आणि प्रत्येकीला पिवळं कार्ड मिळालं. रक्तदाब एकशेचाळीसच्या वर गेला की कार्डावर लाल शिक्का. लाल शिक्का म्हणजे रोलरवरून खाली आणि रोलरवरून खाली म्हणजे फाटकाबाहेर, कारण दुसरं काम त्यांना कुणी देतच नव्हतं.

पहिल्या शिबिराच्या आठवडाभर आधी धाकटी सरकारी दवाखान्यात गेली होती आणि तिथे तिचा आकडा एकशेसत्तर निघाला होता. डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि रोज न चुकता घ्यायला सांगितल्या. शिबिराच्या दिवशी ती रांगेत उभी होती. थोरली पडद्याआड जाऊन आली, तिचं एकशेवीस-ऐंशी निघालं. पुढचं नाव धाकटीचं. मुकादम टेबलाशी वहीत डोकं घालून बसला होता. थोरलीच्या मनात काय आलं कोण जाणे, तिने धाकटीच्या हातातलं कार्ड ओढलं आणि तीच पुन्हा पुढे झाली.

"तू मघाशीच आली होतीस ना?" मुकादमाने विचारलं.

"ती माझी जाऊ होती, साहेब."

"तुम्ही सगळ्या मेल्या सारख्याच दिसता! एका साच्यातून काढून पाठवतात का काय जंगलातून?"

तो स्वतःच्याच विनोदावर हसला. थोरलीही हसली आणि आत गेली. आत सिस्टर होती, पण सिस्टर तोंडाकडे बघायचीच नाही. तिच्यासमोर बाहीतून एक हात यायचा, ती पट्टा गुंडाळायची, फुगा दाबायची, आकडा लिहायची.

असं ते सुरू झालं. मीठसाखर उसनी घ्यावी तसा बायका हात उसना घ्यायला लागल्या. धाकटीमागून कात्री आली, मग मावशी, मग आणखी दोघी. थोरलीचं नावच एकशेवीस पडलं. "ए एकशेवीस, माझ्या ताटातलं खा, तुझ्या रक्ताला बाधणार नाही," असं म्हणून चिडवायच्या, आणि शिबिराच्या दिवशी तिला खुर्ची द्यायच्या, कुणाच्याही आधी चहा द्यायच्या. तिला जन्मात कुणी एवढं मानलं नव्हतं. मुकादमाला कसं गंडवलं ते सांगताना ती त्याची नक्कल करायची तेव्हा मावशीला हसता हसता ठसका लागायचा. त्याचाच डाव त्याच्यावर उलटवला, म्हणायची.

पण एक गोष्ट त्या कुणाच्याच ध्यानात आली नाही. कार्डावर दर तीन महिन्यांनी एकशेवीस-ऐंशी लिहून यायला लागलं आणि हळूहळू धाकटीला ते खरं वाटायला लागलं. कार्डावर शाईने लिहिलेलं, खाली सही, ते काय खोटं असणार? "तुझं रक्त मला लागलं गं, जाऊबाई!" असं ती हसत म्हणायची. गोळ्यांचं पाकीट आधी फळीवर गेलं, मग फळीच्या मागे गेलं. थोरलीने ते तिथे पाहिलं होतं. एकदा नाही, दोनतीनदा. विचारीन विचारीन म्हणत राहून गेलं.

मागच्या शिबिराला पाचच दिवस झाले होते. दोघी जावा एकाच रोलरवर, मागच्या बाजूला. चादर आली की थोरली म्हणायची "ओढ", की दोघींनी टोकं ताणायची आणि घडी घालायची. त्या सकाळी धाकटी दोनदा म्हणाली, "जाऊबाई, डोकं फार ठणकतंय." थोरली स्वतः पिंपापाशी गेली, मिठाच्या पाण्याचे दोन पेले भरून आणले आणि उभं राहून तिला पाजले. "घाम गेलाय तुझा. पी मुकाट्याने." धाकटीने तोंड वाकडं केलं, पण प्यायली.

दुपारी थोरली म्हणाली "ओढ", आणि समोरून कुणी ओढलंच नाही. चादरीचं एक टोक सुटून खाली लोंबायला लागलं. धाकटी त्या टोकाकडे बघत होती, आणि तिचा उजवा हात तिचा राहिला नव्हता.

*

आठ दिवसांपूर्वी थोरली कामगार कचेरीत गेली होती. कामावर दुखणं आलं तर वर्षभर अर्धा पगार आणि औषधपाणी मिळतं, असं वस्तीतल्या कुणीतरी सांगितलं होतं. साहेबाने धाकटीचं कार्ड तिच्यापुढे टेबलावर सरकवलं. कारखान्याने आपल्या उत्तराबरोबर तेच तर जोडलं होतं.

"हे बघा बाई. दीड वर्षात सहा वेळा तपासणी, सहाही वेळा एकशेवीस-ऐंशी. पडायच्या पाच दिवस आधीसुद्धा. म्हणजे इथल्या कामाने तिला काही झालेलं नाही. घरी काय खाल्लं, काय प्यायली, ते तुम्हालाच ठाऊक. तुमच्या लोकांत पिणं चालतंच."

"ती थेंबाला शिवत नाही, साहेब. रोलरने झालं ते. त्या धगीने सगळ्यांचंच रक्त चढतं."

"सगळ्यांचं? बरं! मग एक करा. रोलरवरच्या एका तरी बाईचं असं कार्ड आणा की ज्याच्यावर आकडा चढलेला आहे. एक आणा, मी फाईल पुन्हा उघडतो. कारखान्याने वहीतून उतरवलेले सगळ्यांचे आकडे माझ्यासमोर आहेत. सगळ्या बायका एकशेवीस-ऐंशी! इतकी निरोगी माणसं मी माझ्या घरातसुद्धा पाहिली नाहीत."

तो हसला. सहाही आकडे तिच्याच हाताचे होते. ते तिने साहेबाला सांगितलं असतं तर धाकटी लबाड ठरली असती, मावशी, कात्री आणि बाकीच्या दोघी फाटकाबाहेर गेल्या असत्या, आणि ती स्वतः सगळ्यांत आधी. ती आली तशी उठून गेली.

घरी येऊन धाकटीला सांगितलं. लपवून काय करणार? धाकटीची जीभ अजून जड होती, शब्द एकेक करून यायचा. तिने सगळं ऐकून घेतलं. मग डाव्या हाताने थोरलीचं मनगट धरलं, बाही वर सारली आणि कोपराखाली भाजल्याचा जो जुना डाग होता त्याच्यावरून अंगठा फिरवला.

"सहा वेळा... हा हात... माझा होता ना?"

"होता गं."

"मग दे. आता... खरंच दे."

आणि तिने मनगट असं झटकलं की थोरलीची बांगडी भिंतीवर आपटली. त्या दिवसापासून दोघींत कामापुरतंच बोलणं होतं. थोरली तिला आंघोळ घालायची, भरवायची, कूस बदलायची. धाकटी छताकडे बघत राहायची. ना रड, ना तक्रार. थोरलीला वाटायचं, शिव्या दे बाई, काहीतरी फेकून मार, पण हे असं नको.

*

शिबीर नेहमीप्रमाणे घड्या ठेवायच्या खोलीत होतं. मधोमध हिरवा पडदा, त्याच्यामागे सिस्टर, अलीकडे टेबलाशी मुकादम. बायका रांगेत आल्या त्या चिडीचूप. थोरली सगळ्यांच्या पुढे उभी राहिली, हातात एकच कार्ड घेऊन. तिच्यामागे कात्री होती.

"अजून वेळ गेली नाही," कात्री तिच्या मानेपाशी पुटपुटली. "घे माझं. पाया पडू का? पडते पाया. माझ्या घरात मिळवणारी मी एकटी आहे."

"सरकारी दवाखान्यात चल माझ्याबरोबर. गोळ्या फुकट मिळतात."

"गोळ्या काय पोरांना खायला घालू? तुला काय होतंय सांगायला! ज्याचं जळतं त्याला कळतं. तुझं कार्ड जन्मभर कोरं राहणार."

मुकादमाने नाव पुकारलं आणि थोरली आत गेली.

सिस्टरने वर न बघताच हात पुढे ओढला. बाही वर केली. भाजल्याच्या डागावर तिची नजर क्षणभर थांबली.

"आज किती वेळा येणार आहेस?" तिने हळूच विचारलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तोंडं मी बघत नाही. हात बघते." सिस्टरने पट्टा गुंडाळला. "मला ठाऊक नसायला काय झालं! पण विचारलं कुणी मला? मुकाट्याने लिही म्हणाले, लिहिलं. मलाही घर आहे."

फुगा दाबला. पारा वर चढला, मग उतरायला लागला. सिस्टरने कानातली नळी नीट बसवली आणि पुन्हा फुगा दाबला. मग पट्टा काढून दुसऱ्या हाताला बांधला. तिसऱ्यांदा आकडा बघितल्यावर तिने मान वर करून थोरलीच्या तोंडाकडे पाहिलं, दीड वर्षात पहिल्यांदाच.

"डोकं दुखतं का?"

"दुखतं. सगळ्यांचंच दुखतं."

"झोप?"

"जाऊ अंथरुणाला खिळलीय. कसली झोप!"

"एकशेशहाऐंशी. खालचा एकशेदहा."

"कुणाचा?" थोरलीने विचारलं. खरंच विचारलं. तिला वाटलं, चुकून दुसरंच कार्ड हातात आलं की काय.

"तुझा, बाई. तुझ्याच हाताचा."

आधी तिला भीती वाटली नाही. लाज वाटली, चोरी पकडल्यासारखी. ज्या एका गोष्टीसाठी या शहरात तिला कुणी खुर्ची दिली होती, ती गोष्ट गेली. मागच्या शिबिरानंतर कधी गेली, तेही तिला कळलं नव्हतं. सगळ्यांना वाटता वाटता घरातलं संपलं, आणि डबा वाजवून बघायला ती विसरली होती. मग नोकरी आठवली. मग धाकटीचं औषध आठवलं.

पडदा सरकवून मुकादम आत आला. "काय चाललंय इतका वेळ? पुढच्या खोळंबल्यात."

सिस्टरने आकडा सांगितला. मुकादम आधी चक्रावला आणि मग हसायलाच लागला.

"एकशेवीस! तू पण? अगं, तुझ्या एका हातावर मी दोन रोलर चालवत होतो!"

थोरली त्याच्याकडे बघत राहिली.

"काय बघतेस? तुला वाटलं, मला तुम्ही ओळखू येत नाही? दीड वर्षं रोज सकाळी हजेरी घेतो मी. डोळे फुटलेत माझे? पण तुम्हा चौघी-पाचजणींना लाल शिक्के मारले तर चादरी कोण काढणार, माझी बायको? म्हणून म्हटलं, होतंय ते बरंच होतंय. तुमचंही भागतं, आमचंही." तो सिस्टरकडे वळला. "यंत्र बिघडलंय तुमचं. लिहा एकशेवीस-ऐंशी. हिला पण, आणि बाहेरच्या चौघींना पण. बघायची काही गरज नाही. हातच नको आता कुणाचा."

सिस्टरने निमूट पेन उचललं.

थोरलीच्या कानात रोलरचा घरघराट व्हायला लागला. म्हणजे इतके दिवस आपण कुणालाच गंडवत नव्हतो. आपण याचंच काम करत होतो. रोलर हाताने, आणि वही पण आपल्याच हाताने. आणि तीच वही धाकटीच्या फायलीवर आणून ठेवली यांनी. तिला मुकादमाची नक्कल आठवली, मावशीचा ठसका आठवला. आणि मग कचेरीतला तो साहेब आठवला, त्याचं ते हसणं. रोलरवरच्या एका तरी बाईचं कार्ड आणा. एक आणा.

"सिस्टर, थांबा," ती म्हणाली. "जे आलंय ते लिहा."

"काय?" मुकादम म्हणाला.

"एकशेशहाऐंशी-एकशेदहा आलंय. तेच लिहा. खाली सही करा."

"वेड लागलंय का तुला? सोडतोय ना मी तुला? रोलरवर जा गुमान!"

"नका सोडू."

"लाल शिक्का बसेल. आत्ता, या पायाने फाटकाबाहेर. जावेला काय खायला घालशील, मीठपाणी?"

ते त्याने सहज म्हटलं, त्याला काही ठाऊक नव्हतं. पण थोरलीच्या मस्तकात तिडीक गेली. ती खुर्चीवरून उठली नाही. हात टेबलावर होता तसाच ठेवला, पट्ट्यासकट.

"पाजलं ते एकदा. माझ्या हाताने पाजलं. आता जे खायला मिळेल ते दोघी खाऊ. तुम्ही तुमच्या वहीत काय लिहायचं ते लिहा, साहेब. हे कार्ड माझ्या नावाचं आहे. दीड वर्षात पहिल्यांदा माझ्या नावावर जे खरं आहे ते लिहून द्या, एवढंच म्हणते मी. सिस्टर, लिहा. नाहीतर पेन इकडे द्या. आकडे येतात मला, चादरींवरचे रोज वाचते."

सिस्टरचं पेन हवेत होतं. मुकादम तिच्याकडे बघत होता, थोरलीही बघत होती. शेवटी सिस्टरने कार्ड आपल्याकडे ओढलं आणि तोंड वाकडं करून, कुणावर तरी राग काढावा तसा दाबून आकडा लिहिला. खाली सही केली, तारीख घातली.

"मी बघितलं ते लिहिलं," ती मुकादमाला म्हणाली. "बाकीच्यांचं तुम्ही म्हणाल तसं. एवढं एक राहू द्या."

"याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण!" मुकादम ओरडला. त्याने शिक्का असा आपटला की टेबलावरची शाईची डबी उडाली. कार्ड परत ओढून घ्यायला त्याने हात पुढे केला, पण तोवर थोरलीने ते छातीशी आत सरकवलं होतं. तिथे हात घालायची त्याची हिंमत झाली नाही. "चालती हो! पुन्हा फाटकाशी दिसलीस तर बघ!"

ती पडद्याबाहेर आली. बायकांनी सगळं ऐकलं होतं. पडदा तो, भिंत थोडीच होती! तिला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी बोलेल. मावशीने मान वळवली. कात्रीने तिच्याकडे नुसतं पाहिलं, खालपासून वरपर्यंत, आणि मुकादमाने नाव पुकारताच आपलं कार्ड घेऊन ती आत गेली. अर्ध्या मिनिटात बाहेर आली. हात बघायची गरजच नव्हती ना आता.

*

सरकारी दवाखान्यात दोन रांगांत उभं राहून थोरलीने गोळ्या घेतल्या, स्वतःच्या आणि धाकटीच्या. घरी पोहोचली तेव्हा ऊन खिडकीतून उतरायला लागलं होतं. धाकटी भिंतीला टेकून बसली होती. ही इतक्या लवकर कशी आली, ते तिने विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती.

थोरलीने कार्ड काढून तिच्या मांडीवर ठेवलं. धाकटीने डाव्या हाताने ते उचललं आणि उजेडाकडे धरलं. लाल शिक्का बघितला. मग आकडा बघितला. बराच वेळ बघितला.

"कुणाचा?"

"माझाच. उद्या कचेरीत नेऊन आपटते त्या साहेबाच्या टेबलावर. एक आण म्हणाला होता, एक आणलं."

"उघडेल... फाईल?"

"ठाऊक नाही. नाही उघडली तर परवा परत जाईन. मला आता दुसरं काम काय आहे?"

तेवढ्यात दाराशी सावली आली. कात्री होती, एप्रन अंगावर तसाच, सुट्टी होताच तडक आलेली. ती उंबऱ्याच्या आत आली नाही, आणि थोरलीनेही ये म्हटलं नाही.

"गाढव आहेस तू," कात्री म्हणाली. "स्वतः बुडालीस आणि उद्या त्या कार्डाने आम्हालाही बुडवशील. सगळ्या म्हणताहेत तसं. मीही म्हणाले."

"म्हण."

कात्री जायला वळली, मग थांबली. चौकटीचा पोपडा नखाने काढत राहिली.

"तो दवाखाना... सकाळी किती वाजता उघडतो?"

"आठला. सातला रांगेत राहिलीस तर कामावर वेळेत पोहोचशील."

ती गेली. धन्यवाद नाही, काही नाही.

थोरलीने दोरीवरून धाकटीच्या अंथरुणाची चादर काढली. रोजच्यासारखी एकटीने घडी घालायला गेली. एक टोक हनुवटीखाली दाबलं, दुसरं चाचपडत शोधायला लागली.

"इकडे... दे," धाकटी म्हणाली.

थोरलीने एक टोक तिच्या डाव्या हातात दिलं. दुसऱ्या टोकाचं काय करावं ते तिला कळेना. धाकटीने तिची अडचण ओळखली, मान पुढे केली आणि ते टोक दातांत घट्ट धरलं. थोरली चार पावलं मागे सरकली. चादर दोघींच्या मधे ताणली गेली.

धाकटीला बोलता येत नव्हतं, तोंडात टोक होतं. तिने भुवया उंचावल्या, म्हण ना, अशा.

"ओढ," थोरली म्हणाली.

आणि समोरून ओढ आली.